सात महिने उलटल्यावर लकव्याचा हात सुधारतो का?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय, त्याचा सारांश असा. वडील, त्यांना त्या नाना म्हणतात, ५४ वर्षांचे, कापूस-ज्वारी करणारे शेतकरी. पोळ्याच्या सुमारास मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उजवं अंग गेलं. आता सात महिने झाले. काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन येतात. उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो. बोटं मिटतात, पण उघडताना जेमतेम हलतात. बोलणं तुटक आहे, आरती मात्र अख्खी म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांत जे यायचं ते आलं." मोबाईलवरचे व्हिडिओ सांगतात की मेंदू कुठल्याही वयात स्वतःला नव्याने घडवतो. त्यात एका एजंटाने स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन सुचवलंय आणि त्यासाठी दोन बिघे गहाण टाकायचं घरात घाटतंय. खरं कुणाचं, आणि हे सगळं किती दिवस करायचं?

ताई, जमिनीचं आधी सांगते: गहाण टाकू नका. का ते पुढे येईलच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, जळगाव-धुळे पट्ट्यात बरीच वर्षं लकव्याच्याच पेशंटांचं काम करते. नानांना मी तपासलेलं नाही, त्यांचा एमआरआय पाहिलेला नाही. त्यामुळे जे तपासल्याशिवाय बोलता येत नाही, तिथे तसं स्पष्ट म्हणेन.

तुमचे डॉक्टर आणि ते व्हिडिओ, दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. गंमत अशी की दोघांचं ऐकून घरात घडतं ते एकच: हात तसाच पडून राहतो. एकाचं ऐकलं तर "आता काय उपयोग", दुसऱ्याचं ऐकलं तर "मेंदू करेल आपोआप, नाहीतर इंजेक्शन करेल". मेंदू बदलतो का, याचं उत्तर सोपं आहे. बदलतो, नानांचा आजही बदलतोय. पण तो दिवसभर त्या हाताचं जे काही होतं त्याप्रमाणे बदलतो, आणि सध्या त्या हाताचं काहीच होत नाही. तुमचा खरा प्रश्न इथे आहे.

आता तो सहा महिन्यांचा हिशेब. तो हवेतून आलेला नाही. गुठळी अडकली की रक्त न मिळालेल्या भागाचा गाभा थोड्याच वेळात मरतो. त्याच्या भोवतीचा भाग जिवंत असतो पण काम थांबवतो. सूज येते. शिवाय मेंदूचे दूरचे, धड असलेले भागही गप्प होतात, कारण जखमी भागाकडून त्यांना संदेश येईनासे होतात. याला डायस्किसिस म्हणतात. कॉन्स्टंटिन फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ मध्ये हे मांडलं. पहिल्या काही आठवड्यांत सूज उतरते, अर्धमेला भाग वाचला असेल तर कामाला लागतो, गप्प झालेले भाग पुन्हा बोलू लागतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सुधारणा झपाट्याने दिसते आणि व्यायाम बेताचा झाला तरी काही प्रमाणात होतेच. (त्या काळात जो कुणी उपाय करत असेल त्याचं नाव होतं. मालिशवाला असो, कबुतराचं रक्त चोळणारा असो, नाहीतर आम्ही फिजिओ असो.)

कोपनहेगनमध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९५ टक्के रुग्णांनी रोजच्या कामातली आपली सर्वांत वरची पातळी साडेबारा आठवड्यांच्या आत गाठली होती. "आता पुढे नाही" या सल्ल्यामागे अशा अभ्यासांचं वजन आहे. पण त्यात मोजलं काय होतं ते बघा. जेवता येतं का, कपडे घालता येतात का, संडासला स्वतः जाता येतं का. कुठल्या हाताने, हे ते मोजमाप विचारत नाही. नाना आज डाव्या हाताने जेवत असतील तर त्या यादीत त्यांना पूर्ण गुण मिळतील, उजवा हात मांडीवर पडलेला असला तरी. म्हणजे त्या मोजमापातली सुधारणा थांबली म्हणून हाताची क्षमताही तिथेच संपली, असं त्यातून निघत नाही.

मेंदूच्या दुरुस्तीबद्दल जुनी समजूत फार कडक होती. सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने, ज्यांना १९०६ चं नोबेल मिळालं, १९१३-१४ च्या सुमारास लिहिलं होतं की प्रौढ मेंदूतले मार्ग पक्के झालेले असतात आणि तिथे नव्याने काही उगवत नाही. त्यातला एक भाग आजही खरा आहे: नानांच्या मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येणार नाहीत, कुठल्याही औषधाने नाही. बदलतात त्या उरलेल्या पेशींच्या आपसातल्या जोडण्या. आधीपासून असलेल्या पण दबून राहिलेल्या जोडण्या कामाला लागतात, काही नवे फाटे फुटतात, वारंवार वापरल्या जाणाऱ्या जोडण्या मजबूत होतात आणि न वापरलेल्या सुटतात.

हे शेवटचं वाक्य घरच्यांना सर्वांत कमी माहीत असतं. अमेरिकेतल्या रँडॉल्फ न्यूडो यांनी १९९६ मध्ये माकडांवर केलेलं काम या बाबतीत फार बोलकं आहे. मेंदूच्या ज्या भागातून हाताची बोटं चालतात, तिथे त्यांनी अगदी लहानशी जखम केली. ज्या माकडांना तसंच सोडलं, त्यांच्यात जखमेच्या शेजारचा धड असलेला भागही बोटांचं काम सोडून बसला. नुकसान जखमेपेक्षा मोठं झालं. ज्या माकडांकडून अरुंद खळग्यांतून खाऊचे गोळे बोटांनी काढून घेण्याचा सराव करवला, त्यांच्यात तो शेजारचा भाग टिकला, इतकंच नाही तर कोपर-खांद्याच्या हद्दीतही बोटांचं क्षेत्र पसरलं. जखम सारखीच होती, फरक सरावाचा होता.

पण सरावाने सगळं जमेल असंही मी म्हणणार नाही. तुम्ही शेतकरी घरातल्या आहात म्हणून ठिबकचंच उदाहरण देते. मेन लाईन फुटली असेल तर लॅटरल, म्हणजे रांगेतल्या बारीक नळ्या, कितीही साफ करा, पिकाला पाणी पोचत नाही. मेन लाईन अर्धी जरी शाबूत असली तरी व्हॉल्व्ह फिरवून, एखादा फाटा नव्याने जोडून रांगा भिजवता येतात. मेंदूच्या वरच्या थरातून मज्जारज्जूकडे उतरणारा जाडजूड मार्ग म्हणजे आपली मेन लाईन. तो नानांच्या बाबतीत किती उरलाय, यावर बोटांचं भवितव्य बरंचसं ठरतं. वय, साखर, रक्तदाब, संवेदना गेलीय का, उजवीकडे लक्ष जातं का, मन किती खचलंय, हे सगळं त्यात मिसळतंच, पण पहिला वाटा त्या मार्गाचा.

तो मार्ग उरलाय का हे कळायला दरवेळी महागडी तपासणी लागत नाही. हॉलंडमध्ये १८८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये आला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्यांना बोटं थोडी उघडता येत होती आणि खांदा बाजूला उचलता येत होता, त्यांना सहा महिन्यांनी हाताचं काही ना काही कौशल्य परत मिळण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. ज्यांना दोन्ही जमत नव्हतं त्यांच्यात २५ टक्के. हे आकडे सुरुवातीच्या दिवसांचे आहेत, सात महिन्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण बोटं मिटण्यापेक्षा उघडणं जास्त बोलतं, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

आज संध्याकाळी एवढं करून बघा. नानांना पाठ असलेल्या खुर्चीवर बसवा, पाय जमिनीला टेकलेले. उजवा हात टेबलावर असा ठेवा की मनगट काठाच्या बाहेर येऊन पंजा खाली लोंबेल. आधी तुमच्या हाताने पंजा आणि बोटं हळूहळू सरळ करून अर्धा मिनिट धरा, म्हणजे आखडलेपणा थोडा सैल पडेल. मग सोडा आणि म्हणा, "नाना, पंजा वर करा." मनगट बोटभर तरी वर येतंय का? निदान दोन बोटं आणि अंगठा थोडे उघडतात का? तीन-चार वेळा करून घ्या, एका वेळेवर निकाल लावू नका. आणि खांद्याकडे लक्ष ठेवा: खांदा कानाकडे चढला, अंग डावीकडे कललं, तर ती हालचाल हाताची नव्हे, अंगाची आहे. तुम्ही लिहिलंय की बोटं "जेमतेम हलतात". मला ते जेमतेम फार मोलाचं वाटतं.

कारण सांगते. एडवर्ड टॉब नावाच्या संशोधकाने माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. हात हलवणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडांनी तो हात वापरणं सोडलं. सुरुवातीला प्रयत्न केले, हात जमिनीवर आपटला, खाऊ सांडला, दुसऱ्या हाताने काम पटकन झालं. मग तो हात विसरूनच गेली. धड हात बांधून ठेवला तेव्हा मात्र नको झालेला हात पुन्हा चालू लागला. न वापरण्याचीही सवय लागते, ती शिकली जाते, असं त्यांनी मांडलं. त्यावरून माणसांसाठी पद्धत तयार झाली: चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि दोन आठवडे लकव्याच्या हाताकडून रोज कित्येक तास काम करवून घ्यायचं. २००६ मध्ये याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २२२ रुग्ण, लकव्याला तीन ते नऊ महिने झालेले, म्हणजे नाना आज ज्या टप्प्यावर आहेत तेच. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात स्पष्टपणे जास्त सुधारला आणि ती सुधारणा वर्षभराने टिकलेली होती. मुख्य अट अशी होती की मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता आली पाहिजेत.

आता आपल्या घरांत काय होतं ते मी रोज बघते. नाना ताटावर बसले की आई भाकरी कुस्करून देते. पाण्याचा तांब्या डाव्या बाजूला ठेवला जातो. शर्टाची बटणं नातू लावतो. यात प्रेमच आहे, आणि आजारी माणसाला काम लावलं तर भाऊबंद काय म्हणतील ही धास्तीही आहे. पण मेंदूच्या हिशेबी दिवसातून शंभर वेळा "उजव्या हाताची गरज नाही" हा निरोप जातोय. सकाळी फिजिओ येऊन पाऊण तास हात हलवून गेला, त्या पाऊण तासाचं या निरोपापुढे काही चालत नाही.

इथे एक इशारा. मोज्याची पद्धत ऐकून लगेच नानांचा डावा हात बांधू नका. त्यांची काठी डाव्या हातात आहे. चालताना, उठताना, संडासला जाताना डावा हात मोकळाच हवा, नाहीतर पडून खुब्याचं हाड मोडायचं आणि सगळंच बसायचं. बांधायचं ते फक्त खुर्चीवर बसून काम करताना, जवळ माणूस असताना.

सराव किती? उत्तर अमेरिकेत दवाखान्यांमधल्या उपचारांचं निरीक्षण केलं गेलं, २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हाताने करायच्या कामाच्या हालचाली एका वेळच्या उपचारात सरासरी ३२ निघाल्या. प्राण्यांच्या प्रयोगांमध्ये मेंदूत बदल दिसतो तो शेकडो आवर्तनांनंतर. आपल्याकडे "दहा-दहा वेळा तीन प्रकार करा" असा कागद मिळतो, तो या प्रमाणात फारच तुटपुंजा आहे.

जुन्या लकव्याबद्दलचे पुरावे मात्र एका दिशेचे नाहीत, तेही सांगायला हवं. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मेंदूविकारांच्या रुग्णालयात तीन आठवड्यांत ९० तासांचा हाताचा कार्यक्रम देतात. २०१९ मध्ये त्यांनी २२४ रुग्णांचे निकाल दिले. निम्म्या लोकांना लकवा होऊन दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ झाला होता, तरी हात सुधारले आणि सहा महिन्यांनी सुधारणा टिकून होती. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. उलट २०२१ मध्ये ७२ रुग्णांवरची अमेरिकन चाचणी आली. तिच्यात हाताच्या सरावाचे जास्तीचे २० तास दिले होते. दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यावर दिले तेव्हा सर्वांत जास्त फायदा, सहा महिन्यांनंतर दिले तेव्हा ठळक फायदा नाही. मी या दोन्हींचा अर्थ असा लावते: सुरुवातीचे महिने स्वस्त असतात, थोड्या कष्टात जास्त मिळतं. नंतर मिळतं, पण महाग मिळतं. २० तासांत न मिळणारं ९० तासांत मिळू शकतं.

आपल्या देशातली चाचणीही विसरून चालणार नाही. १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं. २०१७ मध्ये निकाल आला की सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक पडला नाही. यावरून काही जण "घरी करून काही होत नाही" म्हणतात. माझं मत वेगळं आहे. घरच्यांना एकदा दाखवून सोडून देणं पुरत नाही, हे मला त्यातून दिसतं. कुणीतरी जाणकाराने दर दोन-तीन आठवड्यांनी बघून काम अवघड करत न्यायला हवं. जे सहज जमतं ते पुन्हा पुन्हा करून मेंदूला शिकायला काही उरत नाही, आणि जे अजिबात जमत नाही त्यानेही नाही. दहात सहा-सात वेळा जमावं, तीनेकदा फसावं, असं काम शोधायचं.

तर काम काय द्यायचं? रबरी चेंडू देऊ नका. लकव्याचा हात मिटायला आधीच उतावीळ असतो, त्याला मिटण्याचंच शिक्षण कशाला? आपल्याला उघडणं हवंय. भाव वाढेल म्हणून तुमच्याकडे घरात कापूस पडून असेलच. त्यातला मूठभर दिवसभर उन्हात वाळवून, झटकून घ्या, कारण साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. तो टेबलावर डाव्या बाजूला ठेवा, उजवीकडे रिकामी टोपली. एक पुंजका उजव्या हाताने उचलायचा, टोपलीवर नेऊन सोडायचा. उचलण्यापेक्षा सोडणं अवघड जाईल. तिथेच थांबा, घाई करू नका, बोटं आपणहून सुटू द्या. सुटत नसतील तर मनगट थोडं खाली वाकवून धरलं की सुटायला मदत होते. पुंजका मोठा तर काम सोपं, लहान केला की अवघड. पंधरवड्याने अंगठा आणि दोन बोटांनी पुंजक्यातली सरकी ओढून काढायला सांगा. त्यानंतर भुईमुगाच्या शेंगा. ज्या माणसाने आयुष्यभर कापूस वेचला-वेचवला त्याचा हात कापसापाशी जसा जागा होतो तसा दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुंट्यांपाशी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

काम करताना नाना पुढे वाकून अंगाने हात ढकलतील. तसं झालं की एक उपरणं छातीवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधा, श्वास अडणार नाही असं. पाठ टेकलेली राहिली की कोपर सरळ होण्याचं काम खरोखर हातालाच करावं लागतं. थकवा आला, बोटं जास्त आखडू लागली, तर थांबा. वीस-वीस मिनिटांच्या चार-पाच बैठका एका लांब बैठकीपेक्षा बऱ्या. आणि आता आपल्याकडचं ऊन सुरू होईल. सकाळी नऊच्या आत आणि दिवेलागणीला करा, दुपारी झोपू द्या. झोपेत शिकलेलं पक्कं होतं, ती झोप वाया जात नाही.

त्याखेरीज जेवताना भाकरीचा तुकडा उजव्या हाताने धरायचा आणि डाव्याने मोडायचा. दार लोटायचं ते उजव्याने. टॉवेल दोन्ही हातांनी. ही कामं मोजायची नाहीत, फक्त ठरवून ठेवायची.

काय करू नये तेही सांगते. आपल्याकडे आढ्याला कप्पी टांगून दोरीने लुळा हात वर ओढायची फार आवड आहे. ती काढून टाका. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा थोडा खाली उतरलेला असतो. त्याला डोक्यावर ओढलं की आतले भाग चिमटतात आणि खांदा दुखायला लागतो. एकदा खांदा दुखू लागला की माणूस त्या हाताला कुणाला हात लावू देत नाही, महिनेच्या महिने जातात. उठवताना उजव्या दंडाला धरून ओढू नका, कमरेला आधार द्या. गरम पाण्याची पिशवी, तापवलेल्या मिठाची पुरचुंडी उजव्या हाताला लावू नका. संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळत नाही. तेल-मालिश करायची तर हलक्या हाताने खुशाल करा, बरं वाटतं, पण ती सरावाच्या जागी मोजू नका. हात फारच ताठ असेल तर बोट्युलिनमची इंजेक्शनं ताठपणा काही महिने कमी करतात, ती न्यूरोलॉजिस्टना विचारा. तीही नुसती देऊन हात कामाचा होत नाही, सैल झालेल्या त्या काळात सराव व्हावा लागतो.

आता इंजेक्शन आणि जमीन. भारतातच पाच रुग्णालयांत १२० रुग्णांवर अस्थिमज्जेतल्या स्वतःच्याच पेशी शिरेतून देण्याची चाचणी झाली, निकाल २०१४ मध्ये आला. त्या रुग्णांना लकव्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच पेशी दिल्या होत्या. धोका आढळला नाही, पण सहा महिन्यांनी फायदाही आढळला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करायचा. आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. एजंटाला चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मागा. त्याने लाखांचा आकडा सांगितलाय, तिथेच उत्तर आलं.

"मेंदूची ताकद" म्हणून चालणाऱ्या गोळ्यांचंही बघा. सिटिकोलिनची मोठी चाचणी २०१२ मध्ये आली, २२९८ रुग्ण, फायदा नाही. फ्लुऑक्सेटीन या उदासीवरच्या गोळीने हात सुधारतो असं २०११ मध्ये एका लहान फ्रेंच चाचणीत वाटलं होतं. पुढे ब्रिटनमध्ये तीन हजारांवर रुग्णांत तसं काही दिसलं नाही, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. नानांना उदासी असेल, रडू येत असेल, तर त्यासाठी डॉक्टर अशी गोळी देतील, ती गोष्ट निराळी, आणि ती घ्यावी. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका. दुसरा झटका आला तर वरचं सगळं लिहिलेलं फुकट.

अगदी नवं यंत्रसुद्धा सराव टाळू देत नाही. मानेतल्या व्हेगस नसेला विजेचा हलका झटका देणारं उपकरण २०२१ मध्ये अमेरिकेत जुन्या लकव्याच्या हातासाठी मंजूर झालं. ते चालतं ते प्रत्येक हालचालीच्या क्षणी झटका देऊन, आणि एका बैठकीत शेकडो हालचाली करून घेऊन.

बोलण्याबद्दल. आरती म्हणता येते पण पाणी मागता येत नाही, याचं घरच्यांना कोडं पडतं आणि "नाना मुद्दाम बोलत नाहीत" असा संशयही येतो. तसं नाही. पाठ असलेलं, चालीतलं, मोजणी, वारांची नावं, शिव्यासुद्धा, हे बोलणं नवीन वाक्य जुळवण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतं आणि डाव्या मेंदूला इजा होऊनही बरेचदा शाबूत राहतं. चालीचा आधार घेऊन बोलणं परत आणायची पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे. आणि इथे सहा महिन्यांनंतरच्या उपचाराला चांगला पुरावा आहे: जर्मनीत १५६ रुग्णांवर, सगळ्यांना सहा महिन्यांहून जास्त काळ झालेला, आठवड्याला किमान दहा तास असे तीन आठवडे वाचा-उपचार दिले, २०१७ च्या निकालात रोजचं संभाषण सुधारलं.

उपचार मात्र नानांच्या भाषेत हवेत. तुमच्या घरात अहिराणी बोलतात असं धरून चालते. पुण्याहून छापून आलेली चित्रं समोर धरून प्रमाण मराठीत नावं विचारली की आपल्याकडचे लोक गांगरतात, आणि तपासणारा लिहून टाकतो की शब्द गेले. वाचा-उपचारतज्ज्ञ अहिराणी जाणणारे नसतील तर तुम्ही शेजारी बसा. घरी "काय चाली राह्यनं?" म्हणून गप्पा सुरू करा, मग उत्तरासाठी दहा आकडे मनात मोजा. वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस बोलणार. घरातल्या बायकांना कानबाईची गाणी येत असतील तर रोज थोडा वेळ त्यांच्यासोबत म्हणू द्या, शेवटचा शब्द नानांवर सोडा.

राहिला प्रश्न, किती दिवस. मी घरच्यांना तीन महिन्यांचा करार करायला लावते. आजच एक काम निवडा आणि व्हिडिओ काढून ठेवा, उदाहरणार्थ दोन मिनिटांत किती पुंजके टोपलीत पडले. दर पंधरा दिवसांनी तेच काम, तीच खुर्ची, तीच वेळ. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही आणि आशेवर असलेल्याला नसलेला दिसतो. तीन महिन्यांत आकडा सरकत असेल तर पुढचे तीन महिने. सरकतच नसेल, मनगट-बोटं अजिबात उघडत नसतील, तर मी सरळ सांगते की आता या हाताकडून बोटांच्या कामाची अपेक्षा सोडू. मग ध्येय बदलायचं: हात दुखू नये, तळवा स्वच्छ राहावा, कागद दाबून धरायला, पिशवी अडकवायला उजवा हात उपयोगी पडावा, आणि बाकी सगळं डाव्याने सफाईने यावं. बटणांऐवजी वेल्क्रो, ताटाखाली ओलं फडकं, काठाचं ताट, अशा पुष्कळ युक्त्या आहेत.

त्यातलं एक काम करारासाठी थांबवू नका. नानांना डाव्या हाताने सही शिकवा आणि बँकेत, सोसायटीत ती नव्याने नोंदवून घ्या. पीककर्जाचं नवंजुनं करायची वेळ आली आणि जुनी सही जुळली नाही, तर तेव्हा धावपळ होते.